वाकोडे ताईंचा ज्युदोचा वर्ग

वाकोडे ताईंच्या वर्गात शिरायचं तर आधी दोन्ही हात पुढे करून नखं दाखवावी लागत. समाज सदनाच्या दाराशी, चपलांच्या ढिगाशेजारी ताई स्टुलावर बसलेल्या असत. गळ्यात शिटी आणि शिटीच्याच दोरीला बांधलेलं नेलकटर. सहा वर्षांची मुलगी असो की पन्नाशीचे कुणी अंडर सेक्रेटरी, नखं वाढलेली दिसली की ताई तिथल्या तिथे कापत. कापता कापता चौकशी चालू. "खाना खाया? किसने बनाया? मम्मी ने कि तूने?"

पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात धरला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी घरून कापून येईन ताई."

"उद्यापासून ये. आज मी कापते. कुणाच्या गालावर ओरखडा पडला तर त्याची आई मला विचारेल, तुला नाही."

ताईंची उंची चार फूट दहा इंच. हे त्याच सांगत, विचारायच्या आधीच, म्हणजे समोरच्याला चोरून मोजावं लागू नये. दिवसभर केंद्र सरकारच्या एका खात्यात त्या सहायक होत्या. साडीवर स्पोर्ट्स शूज घालून ऑफिसला जात, आणि संध्याकाळी रेक्झिनच्या पिशवीतून एका बाजूने डबा निघे, दुसऱ्या बाजूने ज्युदोचा पांढरा पोशाख. मूळच्या वाशिमच्या. दिल्लीत पंचवीस वर्षं काढल्यामुळे त्यांच्या मराठीत 'अच्छा', 'बिल्कुल', 'चलो' सगळीकडे पसरलेलं असे; पण राग आला किंवा कुणाची दया आली की मात्र वाशिम बाहेर यायचं. "काऊन रे? काऊन घाबरतो?"

मी दारव्ह्याचा. वडील गवंडी आहेत. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिला, आणि तेही एकदम दिल्लीचं. मामा सरकारी नोकरीत, सरोजिनी नगरजवळच्या एका सरकारी वसाहतीत राहतात, म्हणून हे जमलं. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मामींनी माझ्यासाठी गॅलरी बंद करून पलंग टाकला होता. माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन चव्वेचाळीस किलो. दारव्ह्याला याचं कुणाला काही नव्हतं. दिल्लीत आल्यावर पहिल्यांदा मला कळलं की मी लहान आहे.

कळलं ते असं. मेट्रो स्टेशनबाहेर ई-रिक्षासाठी मी रांगेत उभा होतो. मागून एक जण आला, त्याने मला दोन्ही काखांत हात घालून उचललं, बाजूला ठेवलं आणि माझी जागा घेतली. मारलं नाही, शिवी दिली नाही. वाटेतली मोपेड बाजूला करावी तसं केलं. रांगेतले लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला फार दिवस लाज वाटत राहिली.

त्यानंतर मी स्वसंरक्षण शिकायचं ठरवलं. एक वही केली. आडव्या ओळीत कराटे, बॉक्सिंग, तायक्वांदो, कुस्ती, ज्युदो, क्राव मागा. उभ्या ओळीत 'उंची कमी असल्यास', 'वजन कमी असल्यास', 'किती महिन्यांत'. व्हिडिओ पाहून पाहून रकाने भरले. एका मित्राबरोबर गुरुग्रामला जाऊन बॉक्सिंगची फुकटची ट्रायल दिली. तिथल्या लटकत्या पोत्याला मी ठोसा मारला, आणि ते परत येऊन मला लागलं. तायक्वांदोवाल्या सरांनी माझ्या पायांकडे बघून "देखते हैं" म्हटलं. शेवटी मामी म्हणाल्या, "अरे, आपल्याच वसाहतीत वाकोडे ताई शिकवतात की. सगळ्या बायका-मुली जातात." शेवटचं वाक्य ऐकून मी आणखी पंधरा दिवस गेलो नाही.

ताईंनी माझी वही शांतपणे वाचली. पूर्ण.

"छान आहे. बाजारात भाजी घ्यायला जातोस तेव्हाही असंच करतोस का?"

मी वही परत घ्यायला हात पुढे केला.

"बरं, यात एक गोष्ट राहिली. खेळात वजनाचे गट काऊन ठेवले असतील?"

"जड माणूस जिंकतो म्हणून?"

"हं. मला शिकवायला लागून वीस वर्षं झाली. माझ्याहून तीस किलो जास्त असलेला, थोडंसं शिकलेला माणूस मला दाबून टाकेल. ही गोष्ट कुणी व्हिडिओत सांगणार नाही, क्लास बंद पडेल त्याचा."

"मग शिकायचं कशाला, ताई?"

"कारण रस्त्यावरचे सगळे शिकलेले नसतात. कारण पडलं की उठता येतं. आणि हे बघ," त्या उठून माझ्यासमोर उभ्या राहिल्या, "मोठ्या माणसाला फेकायचं तर त्याच्या कंबरेखाली शिरावं लागतं. उंच लोकांना त्यासाठी वाकावं लागतं. आपण आधीच तिथे आहोत." आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या उंचीबद्दल असं बोललं होतं. मग त्यांनी रजिस्टर उघडलं आणि पेन हातात धरून विचारलं, "तुला कुणी पकडलं तर सुटायचंय, की त्याला पकडायचंय?"

"सुटायचंय," मी म्हणालो.

त्यांनी नाव लिहून घेतलं. मी खोटं बोललो होतो. मला त्या रांगेतला माणूस हवा होता, जमिनीवर.

पहिला महिनाभर आम्ही फक्त पडलो. मागे पडणं, बाजूला पडणं, लोळून उठणं. हनुवटी छातीला लावायची, हात गादीवर सपाट आपटायचा. माझ्याबरोबर पडायला आठ-दहा वर्षांच्या मुली होत्या आणि त्या माझ्यापेक्षा चांगल्या पडत. कॉलेजात मित्रांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की गुरुग्रामला क्राव मागा शिकतोय. कुणाला माझ्याकडे बघून खरं वाटलं असेल असं नाही, पण कुणी काही म्हणालं नाही.

पडण्याच्या बरोबरीने ओरडणं असे. सगळ्यांनी एका रांगेत उभं राहायचं आणि पोटातून "छोड़!" म्हणून ओरडायचं, मग दाराबाहेर पळत सुटायचं, थेट पाण्याच्या टाकीपर्यंत. "पळणं ही पहिली विद्या," ताई म्हणत. "बाकी सगळं पळता आलं नाही तर." मला पळता येई, ओरडता येत नसे. वर्गात कधी हात वर केलेला नाही, सरांना शंका विचारलेली नाही. आवाज कुठून काढायचा तेच कळत नव्हतं. ताईंनी चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी मला हॉलच्या एका टोकाला उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन ऑफिसची फाइल उघडून बसल्या. "मला ऐकू आलं की मी वर बघेन." अर्धा तास गेला. मुली पोट धरून हसत होत्या. शेवटी रडकुंडीला येऊन मी असा ओरडलो की बाहेरचा चौकीदार धावत आला. ताईंनी वर बघितलं, म्हणाल्या, "हां. ऐकू आलं," आणि फाइल मिटली.

एकच नियम असा होता की जो मोडला तर ताई त्याच दिवशी घरी पाठवत. जमिनीवरची पकड लागली की खालच्याने हाताने दोनदा मारायचं. याला टॅप म्हणतात. टॅप झाला की त्याच श्वासात सोडायचं. नीट लागली होती की नव्हती, तो नाटक करतो का, हे बघत बसायचं नाही. मग हात देऊन उठवायचं आणि विचारायचं, "लगी?" सात वर्षांची पोरंही एकमेकांना उठवून गंभीरपणे "लगी?" विचारत, तेव्हा गंमत वाटे.

हिवाळ्यात एक गोष्ट घडली आणि ताई माझ्या मनातून थोड्या उतरल्या. बस स्टॉपवर मोटरसायकलवरच्या दोघांनी त्यांचा फोन मागितला आणि त्यांनी तो देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी स्वतःच वर्गात सांगितलं, हसत हसत.

"दे दिया? ऐसे ही?" वर्गातला अनमोल म्हणाला.

"ऐसे ही नहीं. दोनों हाथों से दिया. एक के पास चाकू था."

"मैम, आप तो ब्लैक बेल्ट हो!"

"बेटा, चाकू को थोड़ी ना पता है."

सगळे हसले. मी हसलो नाही. एवढं शिकून शेवटी फोन द्यायचाच, तर मी इथे काय करतोय, असं मला वाटलं. त्या बरोबर होत्या हे तेव्हाही कळत होतं. पण मला बरोबर व्हायचं नव्हतं.

हा अनमोल सतरा वर्षांचा, बारावीतला, पंच्याऐंशी किलोचा, ब्लॉक नऊमध्ये राहणारा. मनाने लोण्यासारखा. आमच्या वयाची वर्गात दुसरी मुलं नसल्यामुळे तोच माझा जोडीदार होता. मला 'छोटे भैया' म्हणायचा. त्याच्या आईने केलेले पराठे माझ्यासाठी आणायचा आणि स्कूटरवरून मला मेट्रोपर्यंत सोडायचा. मी त्याला फेकला की माझ्यापेक्षा त्यालाच जास्त आनंद होई, पडल्या पडल्या ओरडायचा, "मैम, देखा? छोटे भैया ने उड़ा दिया!"

तो मंगळवार होता. मी नखं दाखवून आत आलो आणि अनमोलने मागून येऊन माझ्या दोन्ही काखांत हात घातले, मला उचललं आणि गादीवर आणून ठेवलं. "होम डिलिव्हरी!" सगळी मुलं खिदळली.

"नीचे रख उसे, सामान है क्या?" ताई दारातून ओरडल्या. तो कान पकडून "सॉरी मैम" म्हणाला. मीही हसलो. रांगेत हसलो होतो तसाच.

अर्ध्या तासाने आम्ही जमिनीवरचा सराव करत होतो. हाताला दोन्ही मांड्यांत धरून कोपर सरळ ताणायची ती पकड फक्त मोठ्यांनाच शिकवलेली होती. मला ती त्या दिवशी पहिल्यांदा अगदी नीट लागली. अनमोलने मोकळ्या हाताने माझ्या पायावर मारलं. दोनदा. स्पष्ट.

मी ऐकलं. हे लिहिताना शब्द मागेपुढे होतायत, पण एवढं सरळ लिहितो: टॅप झाला, मला कळलं, आणि मी सोडलं नाही. एवढा मोठा देह माझ्याखाली अडकला होता आणि ते थांबवणं माझ्या हातात होतं. ते मला आवडलं. आणखी एक श्वासभर मी धरून ठेवलं, आणि वर थोडी कंबर उचलली.

बोटं मोडल्यासारखा आवाज आला, पण मोठा. अनमोल ओरडला नाही, नुसता एका कुशीवर वळला. मी सवयीने त्याला विचारलं, "लगी?"

ताई दाराशी होत्या, आमच्याकडे पाठ करून, उशिरा आलेल्या एका लहान मुलीची नखं कापत. त्या धावत आल्या. अनमोलचा हात पाहिला, एका मुलीची ओढणी घेऊन झोळी बांधली, दुसरीला त्याच्या घरी पिटाळलं. मग माझ्याकडे वळल्या.

"त्याने टॅप केला होता का?"

मराठीत विचारलं. हॉलमध्ये आम्हा दोघांखेरीज कुणाला मराठी कळत नव्हती. खरं बोलायला त्यांनी मला तेवढा आडोसा करून दिला होता, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. त्या क्षणी मला फक्त त्यांचे डोळे दिसत होते.

"नाही ताई. केला नाही."

त्यांनी आणखी एकदा बघितलं. मग मान हलवली आणि अनमोलपाशी जाऊन बसल्या.

कोपराचा सांधा निखळला होता, एक हाड चिरलं होतं. रविवारी सदनाच्या समितीने बैठक बोलावली. मामा समितीवर होते. मी तिसऱ्या रांगेत बंद कूलरशेजारी बसलो. वर्गातल्या मुली आयांबरोबर आल्या होत्या, कारण वर्ग राहणार की जाणार हे आज ठरणार होतं, आणि वसाहतीत मुलींना ओरडायला अन् पळायला दुसरी जागा नव्हती.

अनमोलचे वडील चिडलेले नव्हते, त्यामुळे जास्त वाईट वाटत होतं. "मैडम, लड़का कह रहा है शायद उसी ने टैप देर से किया. ठीक है. पर आप कहाँ थीं?"

"एक बच्ची के नाखून काट रही थी, भाईसाहब. मेरी पीठ थी."

"नाखून!" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. ताई हसल्या नाहीत, खजीलही झाल्या नाहीत. खरं होतं तेच त्यांनी सांगितलं होतं.

"सामने कौन था? किसने किया?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

मामांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

"क्लास मेरी है," ताई म्हणाल्या. "नाम मेरा लिखिए."

मामांनी सुटकेचा श्वास टाकलेला मला तीन रांगा मागे ऐकू आला. मला उभं राहता आलं असतं. आवाज काढायला तर ताईंनीच शिकवलं होतं. पण माझ्या डोक्यात गॅलरीतला पलंग होता, मामांची वसाहतीतली इज्जत होती, पोलीस होते, आणि "पोरगा दिल्लीला शिकतो" म्हणून कामावर सगळ्यांना सांगणारे माझे वडील होते. ही सगळी कारणं खरी आहेत. तरी खरं कारण असं की मी घाबरलो होतो, आणि आपण जे केलं ते आपल्याला आवडलं होतं हे कुणाला कळू नये असं मला वाटत होतं. मी बसून राहिलो. वर्ग बंद झाला. मुली आयांबरोबर उठून गेल्या. त्यांच्यापैकी एक लहानगी दारात थांबून सवयीने ताईंपुढे दोन्ही हात करून उभी राहिली, आणि तिच्या आईने तिला ओढून नेलं.

दोन महिने मी ताईंच्या ब्लॉकवरून जाणारा रस्ता सोडून लांबून मेट्रोला जात होतो. मग एका शनिवारी मामी म्हणाल्या, "वाकोडे ताई गाद्या पाठवतायत पानिपतला. तिथल्या मुलींच्या शाळेत त्यांची कुणी मैत्रीण शिकवते. जा, उचलायला मदत कर, शिकला आहेस ना त्यांच्याकडे?"

गेलो. टेम्पो सदनासमोर उभा होता. गाद्या ताईंच्या स्वतःच्या, एकेक करून जमवलेल्या. आम्ही दोघं दोन टोकं धरून त्या बाहेर आणत होतो. दोघंही बुटके, त्यामुळे गादी जमिनीला घासत होती. चौथ्या की पाचव्या गादीला, व्हरांड्यात, मी म्हणालो, "ताई, त्याने टॅप केला होता."

त्या थांबल्या. गादीचं टोक सोडलं नाही.

"मी ऐकलं होतं," मी म्हणालो. "तरी सोडलं नाही."

मला वाटत होतं त्या रागावतील, किंवा म्हणतील की मला ठाऊक होतं, जाऊ दे. दोन्हीला मी तयार होतो.

"हे मला काऊन सांगतो?" त्या म्हणाल्या. "माझं कोपर दुखतं का?"

"नाही, पण तुमचा वर्ग…"

"ब्लॉक नऊ, दुसरा मजला. घर तुला माहीत आहे. पराठे खाल्लेत त्यांचे." मग टेम्पोकडे बघून म्हणाल्या, "उचल. ड्रायव्हर थांबलाय."

पुढच्या सात गाद्या आम्ही तशाच घासत वाहिल्या.

मी अनमोलकडे गेलो. त्या दिवशी नाही, तीन दिवसांनी. दोनदा जिन्यातून परत आलो, तिसऱ्यांदा बेल वाजवली. त्याचा हात पूर्ण सरळ होत नव्हता. त्याने दार डाव्या हाताने उघडलं. मी सगळं सांगितलं. तो रागावला नाही. उंबऱ्यातच खाली बसला आणि म्हणाला, "भैया, मुझे याद था मैंने टैप किया था. फिर मैम ने बताया आपने कहा नहीं किया, तो मुझे लगा मुझे ही गलत याद है." थोड्या वेळाने म्हणाला, "मैं दो महीने से सबको बोल रहा हूँ कि गलती मेरी थी." त्याने मला आत बोलावलं नाही. त्याच्या आठवणीचंही मी काय केलं होतं हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मग मामांना सांगितलं, मामांनी समितीला. समितीने सांगितलं की संध्याकाळी आता योगवर्ग लागलेला आहे. मी तोवरही लांबच्याच रस्त्याने जात होतो, आणि पावसाळ्यात ताईंची नागपूरला बदली झाली. मी लिहिलेल्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही, आणि ते यावं असं काही मी त्यात लिहिलंही नव्हतं.

त्यामुळे ताई शेवटच्या दिसल्या त्या त्याच शनिवारी. गाद्या चढवून झाल्यावर त्या पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. मला "चलो" देखील म्हणाल्या नाहीत. टेम्पो निघाला. काचेतून त्यांचा नुसता अंबाडा दिसत होता. वसाहतीच्या फाटकापाशी टेम्पो थांबला आणि ताई खाली उतरल्या. मी दोन पावलं पुढे गेलो. त्या मागच्या बाजूला आल्या, दोरीची गाठ ओढून पाहिली, बाहेर सरकलेली एक गादी खांद्याने आत ढकलली, गाठ पुन्हा आवळली. मग पुढे जाऊन दाराची कड दोन्ही हातांनी धरली आणि वर चढायला त्यांना एक छोटी उडी घ्यावी लागली, एवढ्या त्या लहान होत्या.